अर्धलीची मेंढरं

बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात सणसरच्या नागेशला दोन नावं होती. हजेरीला नागेश सावळाराम आणि चहाच्या टपरीवर मेंढका. पहिलं बापानं दिलेलं, दुसरं एका गेमनं. दुसऱ्याचा त्याला राग येत नव्हता. कुणी मागून "ए मेंढक्या" म्हणून हाळी दिली की तो कपातलं तोंड न काढताच "बोल की" म्हणायचा. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरंच राखलेली, त्यात लाजायचं काय?

गेमचं नाव मॉर्नफेल. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं काढलेला. डोंगर, दऱ्या, किल्ले, जादूटोणा, उडते साप आणि सगळ्यांच्या उरावर बसलेला एक राक्षसांचा राजा. त्या मुलखात कुठंही फिरावं, कुणाशीही बोलावं, मनाला येईल तेव्हा राजाला मारावं, नाही आलं तर मारूच नये, अशी मोकळीक. बाजारात यायच्या आधी लोकांनी नुसत्या जाहिरातीवर उड्या मारल्या होत्या. आला आणि हाती घेतला, तर जागोजागी उसवलेला. घोडा म्हणून घ्यावा तर तो घराच्या कौलांवर जाऊन उभा राही आणि खाली यायचं नाव घेत नसे. बाजारातली माणसं कमरेपर्यंत जमिनीत रुतून भाजी विकत. वेशीवरचा पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्याला "सावल्या लांब झाल्यात, वाटसरू" एवढंच सांगे, मग भर दुपार का असेना.

पहिली पाळी सुटली की टपरीवर ह्या गेमची पंचायत बसायची. पंच दोघं. एक इंद्रजित, पॅकिंगला नागेशच्या जोडीला असलेला, माळेगावकडच्या बागायतदाराचा पोरगा. दुसरी लॅबमधली माधवी. ती दिवसभर दुधाची फॅट तपासायची आणि घरी गेली की तलवार उपसायची.

"अर्ध्या कच्च्या भाकरीवानी गेम हाय," इंद्रजित म्हणायचा. "वरनं पापुद्रा झ्याक, मोडून बघावं तर आत पीठ."

"डोंगर मात्र खरे केलेत हां," माधवी म्हणायची. "संध्याकाळी तिथं नुसतं उभं राहिलं तरी जीव निवतो. पण माणसं? तोंडं हलत नाहीत आणि आवाज येतो. बाहुल्यांचं लग्न नुसतं!"

"आणि त्यो राजा! पुलाखाली नेला की आपोआप मरतो. एवढी तलवार घासली ती कशापायी मग?"

"नागेशदादा, तुम्ही कुठवर आलात? राजा मारला का?"

नागेश बिस्कीट चहात बुडवायचा. "न्हाय. आबा म्हन्तात तिकडं चारा न्हाय."

मग टपरीवाल्यासकट सगळे खिदळायचे.

हे आबा म्हणजे नागेशचे वडील, सावळाराम. ह्या सगळ्याची मेख त्यांच्यातच होती.

आबांनी जन्मभर मेंढरं वागवली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कळप घाटाकडं काढायचा, पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. नागेशचा जन्मही असाच वाटेवरच्या तळावर, कुणाच्या तरी वावराच्या बांधाला. ज्याच्या वावरात मेंढरं बसवायची त्यानं ज्वारी घालायची, लेंडीखतानं वावर पिकायचं. दोघंही खूश. नागेशला मात्र आबांनीच शाळेत घातलं. "पायाला चाकं लावून फिरनारा मी शेवटचा," असं म्हणत त्याला सणसरला चुलत्याकडं ठेवला. पोरगा शिकला, डेअरीत लागला, चार खोल्या बांधल्या, इंदापूरची दिपाली लग्न होऊन घरात आली, छकुली झाली. घरादाराचं छान चाललेलं.

फक्त मेंढरं ऱ्हायली नाहीत. आबांचे गुडघे गेले, पडीक रानं उसाखाली गेली, उरलेल्याला तारेची कुंपणं पडली. एका सकाळी आबांनीच कळप दुसऱ्याच्या हवाली केला आणि वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं ते जाळं, घडी घालून माळ्यावर टाकलं.  त्यानंतर पुष्कळ दिवस म्हातारा कालव्याच्या भरावावर जाऊन बसायचा. समोर ऊस. बघायला काय होतं त्यात? घरात बोलायचा, जेवायचा, नातीला खांद्यावर घ्यायचा. पण आवाजातला तो लांबवर फेकायचा जोर गेला तो गेलाच. मेंढरांना हाळी घालणारा गळा, "मीठ दे" म्हणण्यापुरता उरला.

अशात इंद्रजितनं गेम खेळायचं नवीन मशीन घेतलं आणि जुना गेमचा डबा नागेशला दिला. "घे, छकुलीला गाड्या पळवायला व्हईल." डब्यात मॉर्नफेल होताच. छकुलीनं गाड्या दोन दिवस पळवल्या, मग तिचं मन उडालं. रिमोट नागेशच्या हातात आला तो आलाच.

असाच एका संध्याकाळी तो डोंगराच्या पायथ्याला पाणचक्कीजवळ पोचला. चक्कीच्या दारात एक म्हातारी. तिची मेंढरं डोंगरात हरवलेली, ती शोधून आणायची. नागेशनं आणली. म्हातारीच्या पुढ्यात उभी केली. तर म्हातारी मेंढरांच्या मधोमध उभी राहून विचारते, "माझी मेंढरं कुठं आहेत?" पुन्हा बोलला. "माझी मेंढरं कुठं आहेत?" एक मेंढी तिच्या पायावर पाय देऊन उभी, तरी तेच!

ही गेममधली सगळ्यांत बदनाम खोट. काम पुरं झालं असं गेमला कधी कळायचंच नाही, आणि ती मेंढरं खेळणाऱ्याच्या मागं लागायची ती जन्माची. नावेत चढायची, भुयारात शिरायची, राजाच्या दरबारात लेंड्या टाकायची. जगभरातली माणसं नेटवर शंख करत होती. त्या तक्रारी फोनवरून मराठी करून घेतल्या की वाचायला नागेशला भारी मजा यायची. 'मी अंतिम युद्धात मेंढी घेऊन मेलो.' 'कंपनीनं एकच मेंढी बनवली आणि तिच्या नकला काढल्या, सगळ्यांचं तोंड सारखं.' 'पैसे परत द्या किंवा मटण द्या.'

त्या संध्याकाळी आबा ओसरीवर बाजेवर पडलेले. दारातून त्यांची नजर टीव्हीवर गेली आणि ते उठून बसले.

"आरं, कुनाची मेंढरं ती?"

"त्या म्हातारीची."

"मग देऊन टाक की तिला. का उभं केलंयस?"

"घेईना झालीय, आबा."

"का? काय म्हनती?"

आता आली का पंचाईत! गेम बिघडलाय, त्या म्हातारीला पुढचं बोलायचं शिकवायचंच ऱ्हायलंय, हे आबांना कसं सांगायचं? आबांच्या लेखी बिघाड मोटारीत होतो, म्हातारीत नाही. आणि म्हातारा कितीतरी दिवसांनी असा ताठ बसलेला. नागेशच्या तोंडून निघून गेलं, "अर्धलीनं संभाळा म्हन्ती."

अर्धली म्हणजे निम्म्या वाट्याची राखण. मेंढरं मालकाची, पायपीट आपली, होतील ती कोकरं निम्मी त्याची, निम्मी आपली. मालक परत मागील त्या दिवशी कळप मुकाट द्यायचा. कागद नाही, सही नाही. शब्दावर पिढ्या चाललेल्या.

"अस्सं?" आबा म्हणाले. काठी टेकत आत आले आणि टीव्हीसमोर भिंतीला टेकून बसले. "एकलीच दिसती बिचारी. बरं बरं, संभाळू. आदी पान्यावर घे. जिभा बाहेर आल्यात त्यांच्या."

जिभा कुठल्या बाहेर यायला? पण नागेशनं पाण्यावर घेतली.

त्या दिवसापासून गेम आबांच्या हुकमानं चालू झाला. म्हशीच्या धारा काढून झाल्या, छकुलीचा अभ्यास उरकला, की आबांची हाळी यायची, "नागेशा, मेंढरं सोड!" गळ्याला जोर परत आलेला. शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. नागेशच्या हातात रिमोट, पण वाट आबांची. काळ्या डोंगराकडं जायचं नाही, तिकडं गवत वाळलंय. नदीच्या वरच्या अंगाला जायचं, तिथं कवळं हाय. उडता साप आला तर लढायचं नाही, झाडीत घ्यायचं. एकदा एक सरदार येऊन "राज्य वाचव" म्हणून गुडघ्यावर बसला. आबा म्हणाले, "त्याला म्हनावं, उद्या ये. आता मेंढरं बसायच्या येळंला कुटं?" चक्कीवरून जाताना म्हातारी कळपाकडं बघायचीही नाही, की आबा "आंधळी हाय का ही?" म्हणून करवादायचे.

टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक काळा डाग होता. छकुलीनं मागं कधी चेंडू हाणलेला, तिथला काचेमागचा उजेड गेला होता. डाव्या अंगानं चालणारी मेंढी त्या कोपऱ्यात आली की तिचा कान डागात जायचा. आबांनी दुसऱ्याच दिवशी हेरली.

"ती बघ, काळ्या कानाची. म्होरकी हाय ती. तिच्यावर ध्यान ठेव."

नागेशनं बायकोकडं बघितलं. दिपालीनं पदर तोंडाला लावला. कोण सांगणार? मग घरात ती काळ्या कानाचीच झाली. आबा तिला शिव्या घालायचे, लाडानं बोलवायचे, दिसली नाही की कासावीस व्हायचे. नागेश जरासा उजवीकडं वळला की ती पुन्हा कोपऱ्यात यायची. "आली गं बाई," असं म्हणून आबा मागं टेकायचे.

पुढं गेममधला उन्हाळा सरला आणि एका वळणावर कळपात एक कोकरू दिसलं. कधी झालं, कुठं झालं, नागेशला पत्ता नाही. आबांनी घर डोक्यावर घेतलं.

"दिपाली! ए पोरी, भाईर ये, काळ्या कानाची याली!"

दिपाली पिठाच्या हातानं आली. "आता बाळंतिणीला खारीक-खोबरं आणू का, आबा?"

"हस तू. तुज्या माहेरी एक तरी कोकरू हाय का असं?"

सगळं असं गोडीगुलाबीत चाललेलं, आणि एक दिवस टपरीवर माधवीनं फोन वर धरला.

"आलं बाबा एकदाचं! मोठं अपडेट येतंय. घोडे कौलावरून खाली, माणसं जमिनीतून वर, आणि ऐका, 'चक्कीवरच्या मेंढ्यांची चूक दुरुस्त. म्हातारी आता तिची मेंढरं ताब्यात घेईल.' सुटलो!"

"गुलाल आन रं!" इंद्रजितनं टेबल वाजवलं. "नागेशराव, तुमचा कळप चालला आता. पुढच्या आठवड्यात राजा मारायला मोकळं तुमी."

नागेशचा चहा तसाच ऱ्हायला. घराकडं गाडी चालवताना उसाचे ट्रॅक्टर त्याला मागं टाकून गेले, गाणी वाजवत, दोन-दोन ट्रेलर ओढत. एरवी तो कधी ट्रॅक्टरच्या मागं ऱ्हायला नव्हता. डोळ्यांपुढं एकच. म्हातारा परत कालव्याच्या भरावावर बसलाय, समोर ऊस. एकदा गेलेली मेंढरं कशीबशी टीव्हीतून परत आणली, ती पण जाणार? आणि ह्या वेळी कोण नेणार, तर ज्यांनी सणसर जन्मात बघितलं नाही असली माणसं!

संध्याकाळी त्यानं एक गोष्ट केली जी आजवर केली नव्हती. मत मांडलं. लोक जिथं अंगठे वर-खाली करत होते तिथं फोनवर मराठीत बोलला, फोननं इंग्रजी केलं, आणि चढवलं.

'गेममध्ये चुका पुष्कळ आहेत. घोडा दुरुस्त करा. पहारेकऱ्याला चार गोष्टी बोलायला शिकवा. पण मेंढरांना हात लावू नका. आमच्या घरी वडील रोज त्यांना चारतात. त्यांच्यामुळं संध्याकाळ होते.'

सकाळी बघितलं तर खाली ही रांग. कुणी हसलेलं, कुणी बदाम चिकटवलेले, कुणी म्हणतंय, हा कंपनीचाच माणूस दिसतो. एकानं विचारलं होतं, 'तू खराखुरा मेंढपाळ आहेस की काय?' नागेशनं दात घासता घासता बोटानं लिहिलं, 'व्हय.'

कंपनीनं मात्र काही उत्तर दिलं नाही. अपडेटचा दिवस आला तशी नागेशनं साधी शहाण्यासारखी युक्ती केली. नेटच्या डब्याची वायर भिंतीतून उपटली. नेटच नाही तर अपडेट येईल कुठनं? "लाईन बिघडलीय, मानूस येनार हाय," असं घरात ठोकून दिलं आणि गाडीला किक मारून पाळीवर गेला.

त्याच्या युक्तीत एकच खोट होती. दिपालीची आई इंदापूरला, आणि दुपारचं जेवण झालं की मायलेकींचं व्हिडिओवर बोलणं व्हायचं म्हणजे व्हायचं. दिपालीनं वाट बघितली, माणूस काही आला नाही, तेव्हा तिनं कपाट सरकवलं, बघितलं तर वायर लोंबकळतेय. "ह्यास्नी कवा कळायचं!" म्हणत तिनं ती खोचली. आईशी पोटभर बोलली. तेवढ्या वेळात गेमच्या डब्यानंही आपलं काम उरकून घेतलं.

नागेश घरी आला, तर टीव्हीवर अपडेटची पट्टी भरून पुरी झालेली आणि आबा भिंतीला टेकून तयार.

"वायर कुणी लावली?"

"मी," दिपाली म्हणाली. "निस्ती निघाली हुती. आन् मानूस कसला बोलवताय वो तुमी?"

 नागेश हातपाय धुवायला गेला तो धूतच बसला. तोंडाला तीनदा साबण लावला.

"आरं, अंगुळ करतुयास का लगीन?" ओसरीवरून हाळी आली. "सोड की मेंढरं!"

त्यानं रिमोट घेतला. कळप होता जागेवर. काळ्या कानाची कोपऱ्यात, कोकरू तिच्या पोटाखाली. नागेशला वाटलं, आपण चक्कीकडं गेलोच नाही तर? आयुष्यभर नदीच्या वरच्या अंगालाच चारली तर? तसं तो वळवायला लागला, तेवढ्यात वाटेच्या तोंडाला तीच म्हातारी उभी. कंपनीनं तिला आता चालायला शिकवलं होतं. आणि ह्या खेपेला तिचं तोंडही हललं. तिनं मेंढरांवरून नजर फिरवली आणि इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलली.

नागेशनं कळप झाडीकडं वळवून बघितला.

"काय म्हन्ती?" आबांनी विचारलं.

"काय न्हाय. राम राम म्हन्ती."

"एवढा लांब राम राम? खरं सांग."

नागेशनं हातातला रिमोट खाली धरला. "मेंढरं... परत मागती, आबा."

आत पोळीचा वास सुटलेला. दिपाली चिमटा हातात घेऊन दारात येऊन थांबली. छकुली आजोबाच्या मांडीवरून बापाकडं बघायला लागली. आबांनी काठी उभी केली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले, त्यावर हनुवटी.

"मग दे की," ते म्हणाले. "खोळंबा कशाला? लोकाची मेंढरं, मागितल्यावर द्यायाचीच. तिनं आपनहूनच लई दिस ठिवली. माज्या जिवाला तर घोर लागला हुता, बाई हाय का गेली म्हनून."

नागेश बापाच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. तिथं दुःख शोधत होता. सापडलं ते हिशोब चुकता केलेल्या माणसाचं समाधान. स्वतःची मेंढरं देताना म्हातारा कोसळला होता, कारण ती जाऊन मागं काही उरणार नव्हतं. ही तर अर्धलीची. ही जायचीच असतात. नीट पोचवली, धष्टपुष्ट पोचवली, की मेंढक्याची मान वर.

त्यानं बटण दाबलं. मेंढरं एकामागं एक म्हातारीच्या मागं चालायला लागली. काळ्या कानाची कोपऱ्यातून निघाली, कान पांढरा झाला आणि ती बाकीच्यांत मिसळून गेली. आबांनी हात वर केला, बैलगाडीतल्या पाहुण्याला करतात तसा. म्हातारी चक्कीमागं दिसेनाशी झाली.

वाटेवर कोकरू तेवढं उभं होतं.

नागेश एक पाऊल पुढं गेला. कोकरू एक पाऊल पुढं आलं. पळाला, तर टणाटण उड्या मारत मागं. कंपनीनं म्हातारीला तिची मूळची मेंढरं ओळखायला शिकवली, मधल्या काळात झालेल्या कोकराचं कुणाच्या ध्यानातच आलेलं नव्हतं.

"बघ!" आबांनी मांडीवर थाप मारली. "वाटा दिऊन गेली! आरं, निम्मं आपलं हुतं, बाईनं आख्खं दिलं. दिलदार हाय. मी म्हनत नव्हतो?"

"तुमी तर तिला आंधळी म्हनत हुता," दिपाली म्हणाली.

"तोंडानं म्हनत हुतो. पोटात न्हाय."

दुसऱ्या दिवशी टपरीवर पंचायत तापलेली.

"ह्यांना एक काम धड येत नाही!" माधवी फोनवर बोटं आपटत होती. "मेंढ्या गेल्या तर कोकरू चिकटलं. राजाच्या पुढं तलवार काढली, हे मधी येऊन बें करतंय! मी तक्रार टाकलीय. तुम्ही पण टाका, नागेशदादा."

"टाकतो की," नागेश म्हणाला.

त्यानं फोन तोंडाशी धरला आणि सगळ्यांच्या देखत बोलला, "घोडा अजून कौलावरच हाय. पहारेकरी बी तेच बोलतुया. तेवढं बघा. कोकरू मात्र चूक न्हाय. त्यो आमचा वाटा हाय, आमी सालभर राखण केलीया. अंगठा वर."

इंद्रजितच्या नाकातून चहा आला.

"गेम एवढा भंगार आणि अंगठा वर?"

"भंगार हाय की. कोन न्हाय म्हंतंय? पण दानत चांगली हाय गेमची."

संध्याकाळी धारा झाल्या. आबांनी जागा धरली, नातीला मांडीवर घेतलं आणि गळा मोकळा करून हाळी दिली. नागेश डोंगराच्या वाटेला लागला. कोकरू आधी उजवीकडून चाललं, मग मागं पडलं, मग धावत डाव्या अंगाला आलं आणि कोपऱ्यात येऊन थांबलं. त्याचा एक कान काळा झाला.

आबा पुढं वाकले.  मग मागं टेकून म्हणाले, "आईवर गेलंय. चल, म्होरं हो, त्याला कवळं गवात दाव."